शॉर्ट शोधणारं होकायंत्र

फ्यूज सारखा उडतोय? मग जरा मोठा टाकून बघा! जुन्या गाड्यांच्या मालकांना हा सल्ला जितका सहज मिळतो, तितकाच तो घातक आहे. फ्यूज हा दिव्याचं किंवा हॉर्नचं रक्षण करतो, असा एक पक्का गैरसमज त्याच्या मुळाशी आहे. फ्यूज राखण करतो ती वायरची.

हिशेबच करू. ०.३ मिलिमीटरच्या १४ तारा एकत्र वळून केलेली, १ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची वायर जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये सर्रास सापडते. तिने सतत वाहायचा प्रवाह पावणेनऊ अँपिअर. समजा बॅटरीपासून ३ मीटरवर तिचं आवरण फाटलं आणि तांबं बॉडीच्या पत्र्याला टेकलं. हाच शॉर्ट: प्रवाह दिव्यातून न जाता थेट बॉडीतून बॅटरीकडे परततो. वायरचा रोध साधारण ०.०५ ओम, बॅटरी आणि जोड मिळून आणखी ०.०१ ओम धरा. ओमच्या नियमाने १२ भागिले ०.०६, म्हणजे २०० अँपिअर! दर मीटरमागे जवळजवळ ७०० वॅट उष्णता सुटते आणि तांब्याचं तापमान सेकंदाला सुमारे २०० अंशांनी चढतं. पीव्हीसीचं आवरण मऊ पडून धूर यायला सेकंदभरही पुरतो. त्याच जुडग्यातल्या शेजारच्या वायरी मग एकमेकींना चिकटतात आणि एका शॉर्टचे चार होतात.

त्यात आकड्यांचा एक घोळ आहे. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या काचेच्या फ्यूजवर ३५ छापलेलं असतं, पण तो फ्यूज उडण्याचा आकडा. सतत वाहू देण्याची त्याची मर्यादा १७ अँपिअर. इतर बहुतेक फ्यूजवर सतत प्रवाहाचा आकडा छापतात. म्हणजे ३५ च्या जागी दुकानातून आणलेला दुसरा कुठलाही ३५ चा फ्यूज बसवला, की संरक्षण निम्म्यावर आलंच. शिवाय अशा कित्येक गाड्यांत हेडलाइट आणि इग्निशनच्या वायरींना फ्यूज नसतोच. तिथे पहिली सूचना धुराची.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टर्मिनल काढायचं, दुसरं नव्हे. ते सोडवताना पाना पत्र्याला लागला तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या टर्मिनलवरचा पाना पत्र्याला टेकला तर तोच शॉर्ट होतो. हातातली अंगठी, कडं, घड्याळ बाजूला ठेवा. साठच्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॉडीला धन टोक जोडलेलं असतं, तेही आधी पाहून घ्या.

आता फ्यूज कधी उडत होता ते आठवायचं. किल्ली फिरवताच, की ब्रेक दाबल्यावर? रिव्हर्स टाकल्यावर, की स्टिअरिंग वळवताना? अर्धी वायरिंग इथेच संशयातून सुटते. त्या फ्यूजवरचे सगळे दिवे, मोटर, हॉर्न सोडवा, बल्बही होल्डरमधून काढा. बल्ब का? कारण २१ वॅटच्या बल्बची तार पेटलेली असताना तिचा रोध सात ओमच्या आसपास असतो, थंड असताना त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा. मल्टिमीटरला थंड बल्ब आणि शॉर्ट सारखेच वाटतात आणि तो बिनदिक्कत ‘बीप’ करतो. चांगल्या वायरी कापल्या जातात त्या या बीपवर विसंबून.

खरं हत्यार म्हणजे त्याच २१ वॅटच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला दिवा. उडालेला फ्यूज काढायचा, त्याच्या दोन क्लिपांना हा दिवा लावायचा आणि बॅटरी जोडायची. शॉर्ट असेल तर सगळेच्या सगळे १२ व्होल्ट बल्बवर पडतात आणि तो लख्ख पेटतो, पण प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही. शॉर्ट तिथेच आहे, फक्त त्याचे दात काढले. आता हवा तितका वेळ घेऊन शोधा. बल्ब मंद पेटला, तर कुठेतरी एखादा लोड, म्हणजे दिवा, मोटर असं वीज खाणारं उपकरण, जोडलेला राहिलाय. पेटलाच नाही, तर या घडीला शॉर्ट नाही.

दिवा पेटता ठेवून सर्किटच्या साधारण मध्यावरचा बुलेट कनेक्टर (वायरींचा गोळीच्या आकाराचा जोड) उघडा. दिवा विझला तर दोष पुढच्या भागात, पेटता राहिला तर फ्यूजच्या बाजूच्या. उरलेल्या भागाचा पुन्हा मध्य गाठा. आठ तुकड्यांचं सर्किट असेल तर तीन चाचण्यांत तुकडा हाती लागतो. रंग ओळखायला ब्रिटिश पद्धत मदतीला येते: तपकिरी वायर थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, जांभळी कायम चालू पण फ्यूजमधली, काळी अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेली. मधल्या काळात कुणी नवी वायर ओढली असेल तर मात्र रंगांवर भरवसा नको.

तुकडा कळला, पण तो दीड मीटर लांब आहे आणि गालिच्याखालून, कपड्याच्या वेष्टणातून जातोय. सगळं उसवायचं? इथे १८२० सालचा डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेड कामी येतो. वायरमधून प्रवाह गेला की जवळची चुंबकसूची हलते, हे त्याने दाखवून दिलं. कापड, रबर, गालिचा यांनी हे चुंबकीय क्षेत्र अडत नाही. फ्यूजच्या जागी आता एकऐवजी २१ वॅटचे दोन बल्ब समांतर जोडा आणि त्यांच्याशी एकसरीत इंडिकेटरचा जुना, दोन टोकांचा, तापून चालणारा फ्लॅशर लावा. तो ४२ वॅटसाठीच बनलेला असतो, त्यामुळे मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप करतो. नव्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरपैकी ज्यांना वेगळी अर्थ लागते ते इथे चालत नाहीत. प्रत्येक ठोक्याला वायरमधून साडेतीन अँपिअर जातात आणि वायरपासून २ सेंटिमीटरवर सुमारे ३५ मायक्रोटेस्लाचं क्षेत्र तयार होतं. पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक बहुतेक ठिकाणी २० ते ४० मायक्रोटेस्ला. दोन्ही तोडीस तोड! सुई ठोक्यागणिक ४० ते ६० अंश झेपावते.

पण कधी? वायर उत्तर-दक्षिण असेल तेव्हा. वायरच्या वर किंवा खाली तिचं क्षेत्र वायरला काटकोनात असतं. वायर पूर्व-पश्चिम गेली, तर ते पृथ्वीच्या क्षेत्रात नुसतं मिळवलं किंवा वजा होतं, आणि सुई ढिम्म राहते किंवा एकदम उलटी फिरते. म्हणून गाडी उत्तर-दक्षिण उभी करा, म्हणजे लांबीच्या वायरी आपोआप योग्य दिशेत येतात. होकायंत्र वायरच्या बरोबर वर धरा. शेजारी, त्याच उंचीवर धरलं तर क्षेत्र उभं लागतं आणि आडवी सुई ते दाखवत नाही. पत्र्यामुळे सुई खरी उत्तर दाखवणार नाही, त्याकडे दुर्लक्ष करा. आपल्याला दिशा नको, ठोका हवा. स्पीकर आणि वायपरच्या मोटरपासून दूर राहा.

आता फ्यूजपासून सुरुवात करून वायरच्या मागावर एक-एक वीत पुढे सरका. ठोका, ठोका, ठोका... आणि एका जागेपुढे सुई शांत. प्रवाह तिथेच पत्र्यात उतरलाय. ही युक्ती जुन्या गाडीत इतकी छान चालते कारण तिथे परतीची वायर नसते, प्रवाह बॉडीतून पसरून परततो. जाणारी आणि येणारी वायर चिकटून असती, तर दोघींची क्षेत्रं एकमेकांना खोडून काढली असती. पोलादी पोकळीतून गेलेल्या वायरीवर मात्र ही मात्रा लागू पडत नाही, तिच्या दोन्ही तोंडांशी ठोका तपासावा. हल्ली मोबाईलमधल्या चुंबकमापक अॅपनेही हे जमतं. आकडा उडताना दिसतो, फक्त दिशादर्शक सुईवर जाऊ नका, ती आपल्या सोयीने गुळगुळीत केलेली असते.

‘वायरिंगमध्ये भूत आहे’ असं म्हणून गाडी विकणारे आणि बॅटरीवर बसवायची चमत्कारी ‘करंट सुधारक’ डबी विकणारे, दोघेही एकाच अज्ञानावर जगतात. अधूनमधून येणारा शॉर्टही कारणाशिवाय येत नाही. दिवा फ्यूजच्या जागी ठेवून वायरिंग हातभर-हातभर हलवा, दारं-डिकी उघडा-मिटा, स्टिअरिंग पूर्ण फिरवा. दिवा लुकलुकला की हात तिथेच थांबवा.

जागा बहुधा ओळखीच्याच असतात. इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्याच्या भोकातलं कडक झालेलं ग्रॉमेट, म्हणजे वायरीभोवतीचं रबरी कडं. डिकीच्या बिजागरीशी रोज वाकणारी वायर. मागच्या दिव्याच्या होल्डरमध्ये स्प्रिंगखालची फायबरची चकती कुजून आतला संपर्क कवचाला टेकलेला. गालिचा बसवताना मारलेला स्क्रू वायरिंगच्या आरपार गेलेला. एक्झॉस्टजवळून गेलेलं, कापडाखाली रबर असलेलं जुनं आवरण, जे बोटाने दाबलं की भुगा होतं.

दोष सापडला की दोन्ही बाजूंना किमान १५ सेंटिमीटर वेष्टण उघडा. आवरण गोल आणि लवचीक लागेपर्यंत पुढे जा, वितळलेलं सगळं कापा आणि तेवढ्याच छेदाची वायर जोडा. सोल्डर केलं तर तो जोड वाकणाऱ्या जागी नको. सोल्डर तारांत झिरपून जिथे संपतं, नेमकी तिथेच कडक वायर तुटते. क्रिंप करताना, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडताना, १४ च्या १४ तारा आत गेल्यात का बघा. वर चिकट अस्तराची उष्णतेने आवळणारी नळी, पत्र्याच्या भोकात नवं ग्रॉमेट.

दुरुस्ती झाल्यावरही लगेच फ्यूज बसवू नका. सगळे लोड सुटे असतानाच पुन्हा तोच बल्ब लावा, किल्ली फिरवा, वायरिंग हलवा. बल्ब विझलेलाच राहिला तर लोड एकेक करून जोडा. प्रत्येकाबरोबर तो थोडा पेटेल, ते ठीक. एखादा लोड जोडताच लख्ख पेटला, तर दुसरा शॉर्ट बहुधा त्या उपकरणातच आहे.