सामूहिक वनहक्क

सामूहिक वनहक्क : आपल्या परंपरागत वापरातील जंगल राखण्याचा, वाढवण्याचा, त्याची व्यवस्था पाहण्याचा आणि त्यातील गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलात मिळणारा इतर माल, गोळा करून विकण्याचा गावाचा कायदेशीर हक्क. हा हक्क कुण्या एकाच्या नावावर नसतो, तो ग्रामसभेचा असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला मान्यता दिली. महाराष्ट्रात त्याचा सर्वाधिक विस्तार गडचिरोली जिल्ह्यात झाला असून या नोंदीतील बहुतेक तपशील तिथला आणि शेजारच्या चंद्रपूरचा आहे.

गोंड आणि इतर वननिवासी कुटुंबांसाठी जंगल हे धानाच्या शेतीइतकेच पोटाचे साधन आहे. पूर्वी सरपण, चराई, घरासाठी बांबू अशा गरजा निस्तार हक्काखाली, म्हणजे घरगुती वापरापुरत्या मिळणाऱ्या सवलतीखाली, भागत. विक्रीचा अधिकार मात्र वनखात्याचा आणि बांबू कागद कारखान्याला भाडेपट्ट्याने दिलेला. आपल्याच रानात गावकऱ्याला मिळे ती फक्त कापणीची मजुरी.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या सुमारे पाचशे वस्तीच्या गोंड गावाने ही स्थिती बदलण्यात पुढाकार घेतला. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. त्यातून ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे ‘आमच्या गावात आमचे राज’, ही घोषणा रुजली. गावचे नेते देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावाने अभ्यासगट चालवला आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची पद्धत लावली. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर जातो. हे वेळखाऊ वाटते. पण जंगलाच्या रात्रीच्या राखणीला स्वतःहून उभी राहणारी माणसे अशाच सभेतून तयार होतात. २००९ मध्ये मेंढा आणि मर्दा या गावांचे सामूहिक हक्क मान्य झाले. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगल आले.

हक्काचा कागद हाती आला तरी बांबू विकता येईना. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या तेव्हाच्या व्याख्येत बांबू हे झाड, तर वनहक्क कायद्यात तो गौण वनोपज. या वादात वाहतूक परवाना अडला, आणि परवान्याशिवाय बांबू गावाबाहेर नेणे गुन्हा ठरत होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. २०१२ च्या सुधारित नियमांनी परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेची समिती किंवा तिने नेमलेल्या व्यक्तीकडे आला. सामूहिक वनहक्काच्या इतिहासात हे पुस्तक हक्कपत्राइतकेच मोलाचे मानावे लागेल, कारण जंगलाची उपजीविका झाली ती त्यामुळे.

बांबूचे उत्पन्न टिकायचे तर कापणीला शिस्त लागते. रांझीतले, म्हणजे बांबूच्या बेटातले, कोवळे बांबू राखायचे आणि जून झालेलेच काढायचे. पावसाळ्यात फुटणारे वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, भाजीला रुचकर असतात, पण सगळे खुडले तर रांझी वाढणार कशी? म्हणून त्यावरही गावे स्वतः बंधन घालतात. विक्रीच्या पैशातून आधी मजुरी चुकती होते. उरलेली रक्कम ग्रामसभेच्या खात्यात जाते आणि तिचा विनियोग सभेत ठरतो.

तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम उन्हाळ्यात, जेमतेम काही आठवड्यांचा. शेतीची कामे थांबलेली असताना रोख हाती देणारा. पहाटेच घर रिकामे होते. दुपारी अंगणात पानांचा ढीग पडतो आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे पुडे बांधायला बसतात. एका पुड्यात ७० पाने, अशा १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून दिले जातात. पूर्वी लिलाव वनखाते करी; आता अनेक ग्रामसभा एकत्र येऊन स्वतः निविदा काढतात, मजुरी आणि स्वामित्वधन यांचा दर ठरवून कंत्राटदाराशी करार करतात. यात जोखीमही आहे. २०१७ च्या हंगामात पानाला चढा भाव मिळाला, पुढच्याच वर्षी तो कोसळला. कंत्राटदाराने रक्कम थकवली तर वसुलीसाठी ग्रामसभेलाच खेटे घालावे लागतात. हिशेब आणि करारनामे वाचता येणारी गावची मुले-मुली अशा वेळी फार उपयोगी पडतात. त्यांना हे शिकवणाऱ्या प्रशिक्षणावर झालेला खर्च अजून अपुरा आहे.

मोहफुले, टोळ (मोहाच्या बिया), चारोळी, हिरडा, बेहडा, डिंक, मध यांतून लहान पण वर्षभर पसरलेली मिळकत होते. तिचा मोठा भाग बायकांच्या हातून येतो. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची रीत होती. तिच्यामुळे वणवे लागत. अनेक ग्रामसभांनी ती बंद केली.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचा निर्णय याहून पुढचा आहे. २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाल्यावर तिथे बांबूविक्रीतून गावातच मजुरी मिळू लागली. मग ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणेच थांबवले. चांगली पाने यावीत म्हणून झाडे छाटली जात, रान पेटवले जाई. त्यात जंगलाचे नुकसान होई आणि फळ धरत नसे. गावाने हंगामाचा रोख पैसा सोडला. तेंदूची टेंभरं, म्हणजे फळे, आता झाडावर पिकतात. ती माणसेही खातात आणि पाखरेही.