रीलोडिंग डाय (रायफल काडतुसांसाठी)

एकदा उडवलेली पितळी पुंगळी परत मापात आणायची आणि तिच्यात नवीन बुलेट सरळ बसवायची, त्यासाठी प्रेसमध्ये (दांडा ओढून दाब देणाऱ्या यंत्रात) जे पोलादी साचे लावतात त्यांना रीलोडिंग डाय म्हणतात. रायफलच्या बाटलीसारख्या निमुळत्या पुंगळीसाठी साधारण दोनचा सेट येतो, एक साइझिंग डाय (पुंगळी आवळून मापात आणणारी) आणि एक सीटिंग डाय (बुलेट बसवणारी). अशा पुंगळीचा बुलेट धरणारा वरचा अरुंद भाग म्हणजे मान आणि तिच्याखालचा उतार म्हणजे खांदा. .४५-७० सारख्या सरळ भिंतीच्या पुंगळीला तोंड थोडं फाकवणारी तिसरी लागते. डाय एका ठरावीक काडतुसासाठीच असते, त्यामुळे .३०८ विंचेस्टरची डाय .३०-०६ ला चालत नाही, मग बुलेटचा व्यास एकच का असेना.

हाताने काडतुसं भरण्याचं काम १९व्या शतकापासून चालत आलंय. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन इथे आयडियल ही कंपनी काढली, तिची पकडीसारखी हातातली अवजारं खूप चालली आणि १९२५ मध्ये हा धंदा लायमन कंपनीकडे गेला. त्या पकडी जेमतेम मान आवळायच्या, पूर्ण पुंगळी आवळायला जो जोर लागतो तो टेबलावर पक्का बसवलेल्या प्रेसमधून सहज मिळतो. फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिल इथे आरसीबीएस ही कंपनी सुरू केली, आणि तिची आद्याक्षरं ‘रॉक चक बुलेट स्वेज’ या बुलेट घडवायच्या डायवरून आलीत, म्हणजे सुरुवात पुंगळीच्या नाही तर बुलेटच्या डायपासून झाली. नंतर आलेला ली लोडर हा काडतुसं भरायचा संच तर प्रेसशिवाय, हातोडीने ठोकून चालायचा.

आज बहुतेक सगळ्या डायच्या बाहेरून सात सूत, म्हणजे ७/८ इंच व्यास आणि इंचाला १४ आटे असतात, म्हणून एका कंपनीची डाय दुसऱ्या कंपनीच्या प्रेसमध्ये बसते. हे माप आधी कुणी आणलं यावर एकमत नाही, काही जण पॅसिफिक कंपनीच्या प्रेसला श्रेय देतात. एका कुणाला मान देण्यापेक्षा दुसऱ्या महायुद्धाच्या पुढेमागे ते हळूहळू रुळलं असं धरणं जास्त सुरक्षित वाटतं. .५० बीएमजी सारख्या दांडग्या काडतुसांच्या डाय मात्र वेगळ्या, मोठ्या आट्यांच्या असतात. या १४ आट्यांचा रोजच्या कामाला थेट संबंध आहे: डायचा एक पूर्ण फेरा म्हणजे इंचाचा १४वा भाग, जवळपास ७१ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे एक थाऊ हलवायला डाय फक्त पाच अंशांनी फिरवायची. लॉक रिंग (डाय जागेवर धरून ठेवणारं कडं) सैल राहिली तर एवढा फरक नुसत्या हाताच्या धक्क्याने पडतो.

खरा वाद आहे तो पूर्ण आवळायचं की फक्त मान, याचा. उडवल्यावर पितळ चेंबरभर (रायफलीत काडतूस बसतं ती पोकळी) फुगतं आणि किंचित मागे येतं. मानेपुरती आवळणारी मंडळी म्हणतात की पुंगळी आता आपल्याच चेंबरच्या मापाची झालीय, तिला परत छोटी कशाला करा, पितळही कमी थकतं. म्हणणं चुकीचं नाही, पण दोन-चार वेळा उडवून झाल्यावर अंग आणि खांदा इतका वाढतो की बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) जड जातो, मग पूर्ण आवळावंच लागतं आणि आधीच्या नि नंतरच्या काडतुसांत फरक पडतो. अचूक नेमबाजीच्या स्पर्धांमध्येही आता कल पूर्ण आवळण्याकडे झुकलाय, फक्त अगदी कमीत कमी. सेमी-ऑटो, लिव्हर आणि पंप रायफलींना नुसती मान आवळून चालत नाहीच.

कमीत कमी म्हणजे किती, तर बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये खांदा एक ते दोन थाऊ मागे, सेमी-ऑटोत तीन-चार. हे डोळ्याने कळत नाही, कॅलिपरला कंपॅरेटर (बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजणारा जोड) लावून उडवलेली पुंगळी आणि आवळलेली पुंगळी दोन्ही मोजायच्या. डब्यातल्या कागदावर बहुधा लिहिलेलं असतं की रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा दांडा) वर घेऊन डाय शेल होल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकवा आणि शिवाय अजून थोडी फिरवा. हा सल्ला कुठल्याही चेंबरमध्ये काडतूस जावं म्हणून दिलेला असतो, तुमच्या चेंबरसाठी नाही, आणि त्याने खांदा गरजेपेक्षा जास्त मागे जाऊ शकतो. तसं झालं की प्रत्येक बाराला पितळ ताणलं जातं, बुडाच्या जरा वर आतून खाच पडते, बाहेर चकचकीत कडं दिसायला लागतं आणि शेवटी पुंगळी तिथेच तुटते. टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवली की ती खाच हाताला लागते, लागली की पुंगळी भंगारात. .३०० आणि .३७५ एच अँड एच सारखी पट्टेवाली काडतुसं कागदोपत्री चेंबरमध्ये बुडाजवळच्या पट्ट्यावर टेकतात, तरी एकदा उडवल्यावर त्यांनाही खांद्यावरूनच सेट करणं बरं.

साइझिंग डायमधला एक्स्पांडर बॉल (आतल्या दांडीवरचा गोळा) मान आतून ओढत बाहेर येतो आणि पुष्कळदा मान वाकडी करतो. यावर उपाय म्हणून बुशिंग डाय आली, तिच्यात मान आवळणारं कडं (बुशिंग) बदलता येतं: भरलेल्या काडतुसाची मान मोजायची आणि एक-दोन थाऊ कमी मापाचं बुशिंग टाकायचं, समजा ०.३३६ इंच आली तर ०.३३४ चं. मानेची जाडी सगळीकडे सारखी नसेल तर बुशिंग तो फरक आत ढकलतं, म्हणून साध्या पितळाला महागडी बुशिंग डाय घेऊन विशेष फायदा नाही. ली कंपनीची कॉलेट डाय वेगळ्या पद्धतीने चालते, ती मान आतल्या दांडीवर दाबते, वंगण लागत नाही पण अंगाला हात लावत नाही, त्यामुळे अधूनमधून अंग आणि खांदा आवळणारी बॉडी डाय लागतेच.

वंगण हा नवख्यांचा पहिला धडा. कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये घट्ट अडकते आणि बुडाला भोक पाडून, आटे काढून, बोल्टने ओढावी लागते. जास्त झालं तर खांद्यावर खळगे पडतात. कार्बाइड (अतिकठीण धातूची) डाय पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांना कोरडी चालते, ते ऐकून रायफलच्या कार्बाइड डायमध्येही वंगण न लावता पुंगळी घालतात आणि ती अडकते. बर्डन प्रायमरची (प्रायमर म्हणजे बुडातली ठिणगी देणारी टोपी) पुंगळी आली तर वापरलेला प्रायमर ढकलून काढणारी डिकॅपिंग पिन मोडते कारण तिला मधोमध एक नाही, बाजूला दोन भोकं असतात. घट्ट मापाच्या सेमी-ऑटो चेंबरसाठी स्मॉल बेस (बुडाकडे जरा जास्त आवळणारी) डाय मिळते, साध्या बोल्ट अ‍ॅक्शनला तिची गरज क्वचितच पडते.

सीटिंग डायमध्ये आत क्रिंप करणारी, म्हणजे पुंगळीचं तोंड बुलेटवर दाबणारी कडा असते. रॅम वर घेऊन डाय पुंगळीला टेकेपर्यंत फिरवायची आणि एक फेरा मागे घ्यायची, नाही तर क्रिंप नको असताना होतो, खांदा फुगतो आणि काडतूस चेंबरमध्ये जात नाही. क्रिंप हवाच असेल तर बुलेटवर खोबणी असलेली बरी, ट्यूब मॅगझिनच्या लिव्हर रायफलीत तो लागतोच. खोली मोजताना टोकापासून नाही तर बुलेटच्या वळणापासून मोजायची, कारण एकाच डब्यातल्या बुलेटची टोकंही सारखी नसतात, आणि लांब निमुळत्या बुलेटला त्याच आकाराचा स्टेम (बुलेट आत ढकलणारी दांडी) घेतला नाही तर टोकावर कडं उमटतं. मायक्रोमीटरवाल्या डायचा फायदा एवढाच की ठरलेल्या खोलीवर परत येता येतं. खोली बदलली की दाबही बदलतो, म्हणून बुलेट किंवा खोली बदलल्यावर छापील कोष्टकातल्या दारूच्या सुरुवातीच्या भारापासून परत वर यायचं.