जर्मनीत जुन्या कॅम्परच्या स्प्रिंगा आणि टायर बदलताना: मंजुरी कशी घ्यायची, कागद कोणते लागतात

जुनी फोक्सवागन टी३ कॅम्पर घेतली की दोन गोष्टी लवकरच खटकू लागतात. कपाटे, फ्रिज, पाण्याची टाकी यांच्या ओझ्याने गाडी मागून बसलेली असते आणि १४ इंची चाके कच्च्या रस्त्यावर तोकडी पडतात. या गाडीचे उत्पादन १९७९ मध्ये सुरू झाले, त्यामुळे स्प्रिंगा मूळच्याच असतील तर त्यांनी तीस-चाळीस वर्षे भार वाहिलेला असतो. मग उंच स्प्रिंगा आणि १६ इंची रिम एकाच वेळी मागवायचा मोह होतो. माझे कळकळीचे सांगणे एवढेच, की पार्ट मागवण्याआधी त्यांचे कागद मागवा आणि ते तपासनिसाला दाखवा.

मंजुरी कधी लागते

जर्मन वाहन नियमावलीच्या, म्हणजे एसटीव्हीझेडओच्या, कलम १९ नुसार एखाद्या बदलामुळे रस्त्यावर धोका संभवत असेल किंवा धूर वा आवाज वाढत असेल, तर गाडीची मूळ मान्यता रद्द होते. या मान्यतेला ‘बेट्रीब्सएरलाउबनिस’ म्हणतात. स्प्रिंगा आणि चाकांचे माप थेट स्टिअरिंग आणि ब्रेकशी जोडलेले असल्याने ते या कलमाच्या कक्षेत येतात. मूळ मापाचा, योग्य भारक्षमतेचा नवा टायर बसवलात तर काहीच करायचे नाही.

इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. १ ऑक्टोबर २००५ पासून नोंदणीचे कागद बदलले आणि नव्या कागदाच्या १५.१ व १५.२ या रकान्यांत प्रत्येक ॲक्सलसाठी एकच टायरमाप छापले जाऊ लागले. जुन्या ‘फार्त्सॉइगब्रीफ’मध्ये, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदात, मात्र मान्य असलेली पर्यायी मापेही लिहिलेली असत. गाडीच्या मूळ मान्यतेतली ती मापे आजही चालतात. म्हणून गाडी विकत घेताना शिक्का मारून रद्द केलेला जुना ब्रीफ आवर्जून मागून घ्या. तुम्हाला हवे असलेले माप त्यात असेल, तर पुढची सगळी धावपळ वाचेल.

पार्टचा कागद कोणता, त्यावर रस्ता ठरतो

पार्टला ‘एबीई’ म्हणजे सर्वसाधारण मान्यता असेल आणि तिच्या अटी पाळल्या असतील, तर बहुधा तपासणी लागत नाही. फक्त कागद गाडीत ठेवायचा. ‘टाइलेगुटआख्टेन’ म्हणजे पार्टचा तपासणी अहवाल असेल, तर पार्ट बसवल्यावर लगेच ट्यूफ, डेक्रा, जीटीयू किंवा क्यूस यांपैकी एखाद्या तपासणी संस्थेकडे ‘एंडरुंग्सआब्नामे’, म्हणजे बदलाची तपासणी, करून घ्यावी लागते. यातले काहीच नसेल, तर त्याच नियमावलीच्या कलम २१ खालची स्वतंत्र तपासणी. ती महाग पडते, आणि तपासनीस आधी तयार नसेल तर होतही नाही.

खरी अडचण दोन बदल एकत्र केल्यावर येते. रिमच्या एबीईत अनेकदा अट असते, की गाडीचे सस्पेन्शन कारखान्यातून आले तसेच असावे. स्प्रिंगांच्या अहवालातही तशीच अट मूळ चाकांबाबत असते. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर असतात, पण दोन्ही बदल झाले की अट मोडते आणि तपासणी अटळ होते. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला हे चाके बसवून झाल्यावर कळले आणि सहलीच्या आठवडाभर आधी जुनी चाके परत चढवावी लागली.

तपासनीस काय पाहतो

टायरची भारक्षमता तो आधी पाहतो. टायरवरचा भारांक १०२ म्हणजे एका टायरला ८५० किलो, ९७ म्हणजे ७३० किलो. दोन टायरची बेरीज नोंदणीच्या कागदातल्या रकाना ८.१ आणि ८.२ मधल्या ॲक्सलभारापेक्षा कमी पडता कामा नये. दिसायला सुंदर म्हणून कारचे टायर घेणारे इथेच अडकतात.

मग स्पीडोमीटर. २०५/७० आर १४ टायरचा व्यास सुमारे ६४३ मिमी येतो, २१५/६५ आर १६ चा ६८६ मिमी. फरक पावणेसात टक्क्यांच्या आसपास. काटा आधी अचूक असेल, तर तो १०० दाखवताना गाडी जवळपास १०७ ने धावेल. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणे नियमात बसत नाही, त्यामुळे एवढ्या फरकाला काटा जुळवून घेऊन त्याचा दाखला जोडावा लागतो.

याशिवाय एक चाक उंचवट्यावर चढवून आणि स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवून टायर कुठे घासतो का, ब्रेकचा होज ताणला जातो का, चाक मडगार्डच्या बाहेर डोकावते का, हेही पाहिले जाते. सिंक्रो १६ ही फोर-व्हील ड्राइव्ह टी३ कारखान्यातूनच १६ इंची चाकांवर येत असे, पण तिच्या चाकांच्या कमानी वेगळ्या होत्या. तिचा दाखला साध्या टी३ ला पुरत नाही.

सोबत काय न्यायचे

नोंदणी प्रमाणपत्राचा भाग १, म्हणजे फार्त्सॉइगशाइन. स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर आणि रिम यांचे सर्व अहवाल, सगळ्या पानांसह. चाकांच्या अलाइनमेंटचा छापील अहवाल. स्पीडोमीटर जुळवला असेल तर त्याचा दाखला. हेडलाइटचा कोन नव्याने जुळवून घ्या, कारण उंची बदलली की प्रकाशाची दिशाही बदलते. वजनाची शंका असेल तर भरलेली गाडी आधी वजनकाट्यावर नेऊन पावती घ्या.

बदल नोंदवण्याचा अर्ज गाडी ज्याच्या नावावर आहे त्याने करायचा. नोंदणी कार्यालयात दुसऱ्याला पाठवायचे असल्यास सहीचे मुखत्यारपत्र आणि मालकाचे ओळखपत्र द्या. तिथे नोंदणी प्रमाणपत्राचा भाग २, म्हणजे मालकीचा कागद, लागतो का, हे भेटीची वेळ घेतानाच विचारा.

एच क्रमांक असेल तर

तीस वर्षे जुन्या गाडीला ऐतिहासिक वाहन म्हणून एच अक्षराची नंबरप्लेट मिळू शकते. वर्षाला १९१ युरो ठोक कर आणि जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी असलेल्या शहरी पर्यावरण क्षेत्रात प्रवेश, हे तिचे मोठे फायदे. पण गाडीतले बदल त्या काळाला साजेसे असावे लागतात. खूप उंचावलेली गाडी आणि आजच्या घडणीचे रिम यामुळे हा दर्जा जाऊ शकतो. माझ्या मते बहुतेकांनी इथे हात आखडता घ्यावा. मूळ उंचीच्या पण भक्कम स्प्रिंगा आणि मान्य मापाचे मजबूत टायर एवढ्यानेही बसलेली गाडी छान सावरते.

तपासणी झाल्यावर

अहवालात लिहिलेले असते, की बदलाची नोंद ताबडतोब करायची की पुढच्या वेळी नोंदणी कार्यालयात काम निघेल तेव्हा. नोंद होईपर्यंत अहवाल गाडीतच ठेवा. नोंदीत रकाना २० मधली उंचीही बदलली आहे ना, हे खिडकीवरून निघण्याआधी तपासा.