थंडीत नेटकं दिसण्याचं भौतिकशास्त्र

थंडीत एक तर उबेत राहायचं किंवा चांगलं दिसायचं, दोन्ही एकदम जमत नाही, अशी पक्की समजूत अनेकांच्या मनात असते. मग कुणी तीन स्वेटर एकावर एक चढवून हात अंगापासून लांब धरून चालतं, तर कुणी पातळ, सुबक कोटात कुडकुडत उभं राहतं. मला ही समजूत मुळातच चुकीची वाटते, आणि तिचं कारण कपड्यांच्या फॅशनपेक्षा उष्णतेच्या वागण्यात सापडतं.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता सतत बाहेर टाकत असतं. शरीराच्या आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि आरामात असताना त्वचेचं ३३-३४ अंश. बाहेर शून्य अंश असेल, तर ही उष्णता झपाट्याने निसटू पाहते. कपडे स्वतः ऊब तयार करत नाहीत, ते ही गळती मंद करतात. आणि त्यातलं मुख्य काम हवा करते. स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. लोकर असो, कापूस असो की पॉलिस्टर, धागा स्वतः हवेपेक्षा कितीतरी सहज उष्णता वाहून नेतो. धाग्याचं खरं कर्तृत्व एवढंच की तो हवेला बारीक बारीक कप्प्यांत अडवतो आणि हलू देत नाही.

कपड्याची ऊब मोजायला एक एकक आहे, ‘क्लो’. १९४१ मध्ये गॅगी, बर्टन आणि बॅझेट या संशोधकांनी ते सुचवलं. २१ अंशांच्या खोलीत, हवा जवळजवळ स्थिर असताना, बसून राहिलेल्या माणसाला ना थंडी वाजावी ना उकडावं, एवढं उष्णतारोधन म्हणजे एक क्लो. त्या काळच्या पुरुषाच्या पूर्ण सुटात साधारण तेवढी ऊब असे. पुढच्या मोजमापांतून असं दिसलं की नेहमीच्या कापडांची ऊब मुख्यतः त्यांच्या जाडीवर ठरते. एक सेंटिमीटर जाडीला सुमारे दीड क्लो, मग कापड कशाचंही असो. वजनाचा त्यात फारसा संबंध नाही. म्हणूनच भरगच्च, खांदे ओढणारा कोट पिसांच्या हलक्या जॅकेटपुढे हरू शकतो.

मग जाडच जाकीट का घालू नये? कारण गरज दर तासाला बदलते. शून्य अंशाला बाकावर बसून राहायचं तर चारेक क्लो लागतात. तोच माणूस झपाझप चालू लागला की निम्म्याहून कमी कपड्यांत भागतं, कारण स्नायू स्वतःच भरपूर उष्णता तयार करू लागतात. चार क्लोचं एकच जाकीट घालून चालणाऱ्याला घाम येतो, आणि थंडीतला घाम फार महागात पडतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. शिवाय पाणी उष्णता वाहून नेण्यात स्थिर हवेच्या वीस पटींहून पुढे आहे. कापडातल्या हवेची जागा पाण्याने घेतली की तेच कापड उलटं वागू लागतं. यावर उपाय थरांचा. आणि नेटकेपणाचा प्रश्नही इथेच सुटतो, कारण तीन पातळ थर एका जाड थरापेक्षा अंगावर जास्त चांगले बसतात.

अंगालगतचा थर पातळ आणि अंगाबरोबर बसणारा हवा, म्हणजे घाम त्वचेवरून उचलला जातो. इथे सुती बनियन नको. कापूस पाणी भरपूर पितो, ओला झाला की त्वचेला चिकटतो आणि लवकर वाळत नाही. पॉलिस्टरचं थर्मल पाणी जवळजवळ शोषतच नाही, ते धाग्यांमधून बाहेरच्या थराकडे ढकलतं. पण माझी पसंती मेरिनो जातीच्या मेंढीच्या बारीक लोकरीला. टोचणारी लोकर म्हणजे जाड धाग्यांची लोकर. मेरिनोचा धागा साधारण २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास किंवा त्याहून बारीक असतो, तो त्वचेला स्पर्श झाला की टोचण्याऐवजी वाकतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश इतकी वाफ धाग्याच्या आत सामावून घेते आणि तरीही हाताला कोरडी लागते. गंमत म्हणजे ही वाफ आत घेताना थोडी उष्णता बाहेर पडते, त्यामुळे उबदार खोलीतून दमट थंडीत पाऊल टाकल्यावर लोकर काही काळ खरोखर किंचित गरम होते. शिवाय तिचा धागा मुळातच कुरळा. ओला झाला तरी तो सपाट पडत नाही, आणि आत हवा टिकते. पिसांना हे जमत नाही. ती भिजली की गोळा होऊन बसतात.

मधल्या थराचं काम फुगून राहणं: स्वेटर, फ्लीस, पिसांची पातळ बंडी. बाहेरच्या थराचं काम वारा अडवणं. दोन थरांमध्ये मोकळी जागा असावी, पण फार नको. फट सुमारे एका सेंटिमीटरहून मोठी झाली की आतली हवा स्वतःच फिरू लागते आणि उष्णता त्वचेकडून बाहेरच्या थराकडे पोचवू लागते. म्हणून दोन मापं मोठा ढगळ कोट उबदार नसतो, आणि तो दिसतोही वाईट. उलट, स्वेटर दाबून टाकणारा घट्ट कोट त्यातली हवाच पिळून काढतो. अंगासरशी पण न दाबणारा हे शिंप्याचं जुनं माप भौतिकशास्त्रालाही मान्य आहे. कोट घेताना आत घालायचा स्वेटर घालूनच मापाला उभं राहावं.

हे सगळं जुन्या गिर्यारोहकांना ठाऊक होतं. जॉर्ज मॅलरी १९२४ साली एव्हरेस्टवर बेपत्ता झाला आणि १९९९ मध्ये त्याचा देह सापडला. अंगावरच्या कपड्यांच्या अवशेषांचा अभ्यास करून हुबेहूब प्रती शिवल्या गेल्या आणि २००६ मध्ये एव्हरेस्टच्या उतारांवर त्या घालून पाहिल्या गेल्या. रेशीम, सूत आणि लोकर यांचे पातळ थर, त्यांवर घट्ट विणीच्या गॅबर्डिनचं जाकीट. ते हलके निघाले, उबदार निघाले आणि हालचालीला सोपे. रेशमाचा थर गुळगुळीत असल्याने लोकरीचे थर एकमेकांत अडकत नाहीत, हात सहज वर जातो. आजच्या कोटाला रेशमी किंवा सॅटिनचं अस्तर असतं ते दिखाव्यासाठी आहे असं समजू नका. त्यामुळे स्वेटर चुरगळत नाही आणि कोट सरळ पडतो. मॅलरीच्या आधी, १९२२ च्या मोहिमेत, जॉर्ज फिंचने फुग्याच्या कापडात आयडर बदकाची पिसं भरून लांब कोट शिवून घेतला होता. सोबत्यांनी आधी त्याची थट्टा केली. वर गेल्यावर त्यांना त्याचा हेवा वाटला.

वाऱ्याचं गणित वेगळं सांगायला हवं. तापमान उणे १० आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे २० सारखं जाणवतं. अमेरिका आणि कॅनडाने २००१ मध्ये स्वीकारलेल्या सूत्राचं हे उत्तर. सैल विणीचा सुंदर स्वेटर शांत हवेत उत्तम, वाऱ्यात जाळी. त्यावर घट्ट विणीचं काहीही पातळ चढवलं की तो पुन्हा कामाला लागतो.

आता गळा. अंगाने तापवलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि कॉलरमधून निघून जाते, खालून थंड हवा आत शिरते. उघड्या गळ्याचा कोट म्हणजे एक धुराडंच. मफलर हे धुराडं बंद करतो. एवढ्याशा कापडाचा एवढा परिणाम दुसऱ्या कुठल्या कपड्याचा होत नसेल, आणि पेहरावात सर्वांत आधी नजरेत भरणारी गोष्टही तीच. लोकरी कोटाला पट्टा बांधला तर तेच काम कमरेशी होतं, शिवाय आकारही येतो. पिसांच्या जॅकेटवर मात्र पट्टा आवळू नये, तिथली पिसं चेपतात आणि कमरेभोवती गारव्याची कडी तयार होते.

डोक्यातून निम्मी उष्णता जाते हे खरं नाही. डोक्याचा वाटा साधारण त्याच्या पृष्ठभागाइतकाच, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास. तरी कानटोपी हवीच, कारण बाकी अंग झाकलेलं असताना उघडं राहतं ते डोकं, आणि थंडीत टाळूच्या रक्तवाहिन्या हातापायांसारख्या आकसत नाहीत.

बोटांची गोष्ट मात्र खरोखर अवघड आहे. धड गार पडू लागलं की शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आखडतं, म्हणून बोटं गार पडली तर आधी छाती-पोट उबदार करावं, हात आपोआप सुधारतात. दुसरी अडचण भूमितीची. बोट बारीक असतं, त्याभोवती हातमोज्याची जाडी वाढवत नेली की हातमोज्याचा बाहेरचा पृष्ठभागही भराभर वाढतो आणि तिथून उष्णता जास्त जाते. ठरावीक जाडीपुढे फायदा जवळजवळ थांबतो. चारही बोटं एका कप्प्यात घेणारे हातमोजे त्यामुळेच श्रेष्ठ. पायांचंही तसंच: घट्ट बुटात दुसरा पायमोजा कोंबला तर हवा आणि रक्त दोन्ही दबतात. एकच चांगला लोकरी पायमोजा आणि बोटं हलतील एवढा बूट घ्यावा.

राहिला रंग. काळा कपडा जास्त उबदार, असं म्हणतात. आपल्या अंगाची उष्णता ज्या अवरक्त लहरींतून बाहेर पडते, त्यांच्या दृष्टीने काळी आणि पांढरी लोकर जवळजवळ सारखीच. उन्हात गडद रंग थोडी जास्त उष्णता घेतो, पण वारा असला तर ती पृष्ठभागावरूनच उडून जाते. तेव्हा उबेचा विचार करून रंग निवडायची गरज नाही. पिवळा घ्या, जांभळा घ्या. फक्त संध्याकाळी अंधारात रस्त्याने जायचं असेल, तर वाहनचालकाला दिसेल असा निदान मफलर तरी फिका असू द्या.