विमा आहे ना, मग वाढीव वॉरंटी कशाला?

माझ्या चुलतभावाच्या गाडीचा एसी ऐन मे महिन्यात भुसावळहून जळगावला येताना बंद पडला. त्या दिवसांत आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, काचा खाली केल्या तर नुसती लू आत येते. वर्कशॉपवाल्याने सांगितलं, कॉम्प्रेसर गेला. भाऊ मात्र निवांत, कारण महिन्यापूर्वीच त्याने फुल इन्शुरन्स रिन्यू केला होता. गाडी घेताना वाढीव वॉरंटी नाकारतानाही तो हेच म्हणाला होता, "इमा शे ना आपला, मंग वारंटी कसाले?" कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी संपून दोन महिने झाले होते. विमा कंपनीने क्लेम नाकारला, आणि खरं सांगायचं तर त्यात तिची काही चूक नव्हती.

विमा बाहेरून आलेल्या संकटासाठी असतो: धडक, चोरी, आग, पूर, दंगल. पॉलिसीच्या कागदात झीज आणि मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल बिघाड स्पष्ट वगळलेले असतात. वॉरंटी नेमकी उलटी. गाडी नीट वापरूनही एखादा पार्ट आपणहून निकामी झाला, तर तो तिच्या वाट्याचा. कॉम्प्रेसर, गिअरबॉक्स, स्टिअरिंगची मोटर, टचस्क्रीन ही तिची गिऱ्हाइकं. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर यांना मात्र ती सहसा हात लावत नाही, कारण ते झिजायलाच बनवलेले आहेत. उंदराने वायरिंग कुरतडलं तरी वॉरंटीवाले हात झटकतात, तिथे विम्याचं दार ठोठवायचं.

खरा खड्डा या दोघांच्या मधे आहे. 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी शिरलं, कन्नड घाटात दरड कोसळली, ते आठवा. अशा पाण्यात उभी गाडी भिजली तर सीट, वायरिंग वगैरे नुकसान विम्यात येतं. पण पाण्यातच स्टार्टर मारला तर हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागच्या जागी अडकतं. इथे विमावाले म्हणतात, पुरामुळे नाही, तुम्ही चावी फिरवल्यामुळे हे झालं. वॉरंटीवाले म्हणतात, पाणी बाहेरून आलं. दोघंही आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर! हे इंजिन वाचवायचं तर विम्यातच इंजिन प्रोटेक्शनची जोड घ्यावी लागते. नदीकाठच्या गावात राहणाऱ्यांनी मी म्हणेन आधी हे बघावं, वाढीव वॉरंटी नंतर.

झिरो डेप ही विम्याचीच एक जोड, पण तिलाही लोक वॉरंटीच समजतात. एरवी अपघाताच्या क्लेममध्ये प्लास्टिक-रबराच्या पार्टवर 50 टक्के घसारा कापतात, तो झिरो डेपमध्ये वाचतो. पण तेही अपघात झाला तरच. शिवाय विम्याचा क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, जो पहिल्या वर्षी 20 टक्क्यांपासून वाढत 50 टक्क्यांपर्यंत पोचतो. वॉरंटीच्या क्लेमला असलं काही नाही.

मग वाढीव वॉरंटी घ्यायची का? साधी पेट्रोल गाडी, मॅन्युअल गिअर, वापर शेत ते बाजार एवढाच, आणि चार वर्षांत विकायचा बेत असेल तर मी घेणार नाही. मारुतीने जुलै 2024 पासून मूळ वॉरंटीच 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर केली आहे. तेवढ्यात बरंचसं काम होतं. ऑटोमॅटिक, टर्बो इंजिन, जागोजागी सेन्सर असलेली गाडी सात-आठ वर्षं ठेवणार असाल तर मात्र घ्या. अशा गाडीचा एक मोठा पार्ट गेला तरी वॉरंटीचे पैसे फिटतात.

एक अट आपल्याकडे फार जणांना नडते. सर्व्हिस ठरल्या वेळी अधिकृत वर्कशॉपमध्येच करावी लागते. रावेर-यावलचा माणूस ऑइल बदलायला दरवेळी जळगाव गाठत नाही, गावातला मिस्त्री बरा आणि स्वस्तही. त्यात गैर काही नाही, पण मग वॉरंटीवर पैसे घालू नका. बाहेरून सीएनजी किट बसवणार असाल, तारा कापून हॉर्न-लाइट जोडणार असाल, तरीही तेच.

शोरूममध्ये ऑन-रोडच्या कोटेशनमध्ये ही रक्कम गुपचूप बसलेली असते, विचारलं की काढतात. घाई नसते, मूळ वॉरंटी संपायच्या आत बहुतेक कंपन्या ती नंतरही देतात, फक्त उशिराचा दर चढा असतो. आणि घेतलीच तर कागद गाडीच्या कंपनीचा आहे की शोरूमवाल्याचा स्वतःचा, ते वाचा. शोरूमचा असला तर शहाद्यात घेतलेली वॉरंटी नाशिकच्या वर्कशॉपमध्ये चालेल का, हे पैसे भरण्याआधी लिहून मागा.