चौथ्या दिवसाचं दुखणं आणि एक फसवं औषध

टॉन्सिल काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पालक हमखास म्हणतात, "डॉक्टर, पॅरासिटामॉल तर तापाचं औषध. जरा स्ट्राँग काहीतरी द्या ना!" मूल घोटभर पाणीही गिळत नसेल, तर असं वाटणं साहजिकच आहे. पण या 'स्ट्राँग'चा इतिहास फारसा चांगला नाही.

आधी जखमेकडे पाहू. टॉन्सिल काढल्यावर तिथे सहसा टाके घालत नाहीत. घशाचा स्नायू उघडा राहतो आणि त्यावर पांढरट-पिवळा थर धरतो. तो पू नव्हे, खपलीच असते, फक्त ओली. दुखणं रोज थोडं थोडं कमी होत जात नाही. पहिल्या आठवड्यात मध्येच ते उसळी घेतं. त्याचा अर्थ ऑपरेशन बिघडलं असा नाही.

अशा वेळी मुलांना अनेक वर्षं कोडीन नावाचं वेदनाशामक दिलं जाई. गंमत अशी, की कोडीन स्वतः जवळपास काहीच करत नाही. यकृतातलं सीवायपी२डी६ नावाचं विकर (एन्झाइम) त्याच्या रेणूवरचा एक मिथाइल गट काढून टाकतं आणि मग मॉर्फिन तयार होतं. वेदना शमवतं ते हे मॉर्फिन. साधारणपणे कोडीनचा दहावा हिस्साच या वाटेने जातो, बाकीचं इतर मार्गांनी निकामी होतं.

या विकराचं जनुक २२व्या गुणसूत्रावर असतं. आईकडून एक, वडिलांकडून एक, अशा दोन प्रती. पण काहींच्या दोन्ही प्रती नादुरुस्त असतात. त्यांना कोडीन दिलं काय, न दिलं काय, सारखंच. उलट काहींमध्ये जनुकाची नक्कल होऊन तीन किंवा अधिक चालू प्रती असतात. त्यांच्या शरीरात तेवढ्याच डोसातून भराभर आणि जास्त मॉर्फिन बनतं. बाटली तीच, चमचा तोच, वजनाचा हिशोबही बिनचूक, आणि तरी एका मुलाला औषध लागूच पडत नाही, तर जास्त मॉर्फिनमुळे दुसऱ्याचा श्वास मंदावतो. वरून पाहून यातलं काहीही ओळखता येत नाही.

त्यात आणखी एक गुंता आहे. टॉन्सिल बऱ्याचदा काढतात ते झोपेत श्वास अडतो म्हणून. रात्रीमागून रात्री ऑक्सिजन कमी पडलेल्या मुलांचा मेंदू मॉर्फिनला जास्त संवेदनशील झालेला असू शकतो. म्हणजे ज्यांना धोका अधिक, त्यांनाच हे औषध मिळत होतं. मुलांचे मृत्यू नोंदले गेल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलांना कोडीन देणं निषिद्ध ठरवलं. २०१७ मध्ये ट्रॅमाडॉल या दुसऱ्या वेदनाशामकावरही तसाच निर्बंध आला, कारण तेही याच विकरावर अवलंबून आहे. (कोडीन अफूच्या बोंडातच असतं. 'नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही' म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

मग द्यायचं काय? तेच 'तापाचं' पॅरासिटामॉल, आणि जोडीला आयबुप्रोफेन. आयबुप्रोफेन जखमेतली प्रोस्टाग्लँडिनं, म्हणजे वेदना वाढवणारी रसायनं, कमी करतं, पॅरासिटामॉलचं काम मुख्यतः मेंदू-मज्जारज्जूत चालतं, म्हणून ती एकमेकांना पूरक ठरतात. पहिले काही दिवस ती रडण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी द्यावीत. डोस डॉक्टर वजनावरून ठरवतात. मात्र सिरपच्या बाटलीवर 'दर ५ मिलीत किती मिलिग्रॅम' हे वाचाच, कारण एकाच औषधाची वेगवेगळ्या तीव्रतेची सिरपं मिळतात. ॲस्पिरिन मुलांना स्वतःहून देऊ नये.

कान दुखतो म्हणून कानात तेल घालू नका. घसा आणि मधला कान यांना मेंदूतून निघणारी नववी नस सामाईक असल्याने मेंदूची गल्लत होते, कान ठणठणीत असतो. पाणी मात्र थोडं थोडं पाजत राहा, कोरडा घसा अधिक दुखतो. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसांत खपली सुटते. तेव्हा थुंकीत ताजं लाल रक्त दिसलं किंवा मूल सारखं काहीतरी गिळतंय असं वाटलं, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा.