कॉलनीच्या बागेला निधी हवाय? आधी सातबारा काढा

पहिली गोष्ट, बागेचा निधी कॉलनीच्या मंडळाला, महिला मंडळाला किंवा ज्येष्ठ नागरिक संघाला थेट मिळत नाही. मंडळाने द्यायचं ते मागणीपत्र. प्रस्ताव तयार करते नगरपरिषद किंवा महापालिका आणि पैसा बहुतेक वेळा जिल्हाधिकारी कार्यालयातून येतो. आमदार निधी, खासदार निधी, जिल्हा वार्षिक योजनेतलं नगरोत्थान (शहरी सुविधांच्या कामांची योजना), नाहीतर पालिकेचा स्वतःचा अर्थसंकल्प, असे मोजके रस्ते आहेत. आमदार-खासदार शिफारस करतात, मान्यतेचा आदेश जिल्हाधिकारी कार्यालयातून निघतो. त्यामुळे ‘साहेबांच्या प्रयत्नातून दहा लाख मंजूर’ असा फलक चौकात लागला, तरी प्रशासकीय मान्यतेच्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख विचारा. तो नसेल तर तिथं फक्त फलकच आहे.

बहुतेक प्रस्ताव परत येतात ते जागेच्या कागदावरून. लोकांकडे ले-आउटचा रंगीत नकाशा असतो, त्यात हिरव्या चौकोनात ‘गार्डन’ लिहिलेलं असतं. तो प्लॉट विकताना दिलेला कागद, सरकारदरबारी त्याला किंमत नाही. लागतो तो नगररचना विभागाने अंतिम मंजूर केलेला ले-आउट, सही-शिक्क्यासह, आणि सोबत अकृषिक आदेश. तात्पुरत्या मंजुरीची प्रत चालत नाही, कारण मोजणीनंतर ओपन स्पेसचं, म्हणजे ले-आउटमध्ये सगळ्यांसाठी मोकळ्या सोडलेल्या जागेचं, क्षेत्र बदललेलं असू शकतं. पालिकेत प्रत सापडत नाही असं उत्तर मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. नस्ती (फाइल) गहाळ असेल तर तेही लेखी येऊ द्या, पुढे उपयोगी पडतं.

खरी गाठ याच्या पुढे आहे. ओपन स्पेसचा सातबारा काढला की ‘इतर हक्क’ या रकान्यात कुठेतरी ‘खुली जागा’ लिहिलेलं दिसतं आणि कब्जेदार सदरात अजून मूळ शेतमालकाचंच नाव असतं. मालक वारला असेल तर त्याच्या चार मुलांची नावं लागलेली असतात. अशा जागेवर सरकारी पैसा खर्च करता येत नाही, कारण कागदोपत्री ती खाजगी आहे. उपाय एकच: ओपन स्पेस पालिकेच्या ताब्यात दिल्याचा दस्त किंवा ताबा पावती आणि त्यावरून पालिकेच्या नावे फेरफार. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीसाठी १५ दिवस असतात. हे काम पालिकेने करायचं आहे, पण अनुभव असा की कॉलनीतलं कोणीतरी तलाठी कार्यालयाच्या खेपा घातल्याशिवाय ते हलत नाही. खेपा घालताना पालिकेच्या पत्राची प्रत हातात ठेवा. तोंडी विनंतीवर फेरफार होत नाही आणि तलाठ्यावर चिडूनही होत नाही. सिटी सर्व्हे झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी पीआर कार्ड (मालमत्ता पत्रक) लागतं, अडचण तीच.

मराठवाड्यात आणखी एक पेच निघतो, इनाम जमिनीचा. जुन्या गावठाणाला लागून असलेली बरीच जमीन निजामकाळातली खिदमतमाश किंवा मदतमाश, म्हणजे सेवेसाठी किंवा उदरनिर्वाहासाठी इनाम दिलेली, निघते. तिथं आजच्या सातबाऱ्यावर भागत नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९५४-५५ चं खासरा पत्रक (तेव्हाची जमिनीची नोंद) काढून बघावं लागतं. जागा देवस्थान इनामात किंवा वक्फच्या नोंदीत असेल तर बागेचा प्रस्ताव तिथंच थांबतो, कितीही वजनदार शिफारस असो. गुंठेवारीच्या, म्हणजे मंजुरीशिवाय छोटे प्लॉट पाडून विकलेल्या, वसाहतीत तर अनेकदा ओपन स्पेस सोडलेलीच नसते. ‘सगळे तिथंच खेळतात’ ती जागा कोणाचा तरी न बांधलेला प्लॉट असतो. तिथं अर्ज करून वेळ घालवू नका.

विकास आराखड्यात ‘उद्यान’ असं आरक्षण आहे म्हणजे जागा पालिकेची झाली, असाही समज आहे. आरक्षण वेगळं, संपादन वेगळं. १० वर्षांत संपादन झालं नाही तर मालक १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या २४ महिन्यांत पालिका हलली नाही तर आरक्षण गळून पडतं.

आता तारखा. ‘३१ मार्चपर्यंत अर्ज द्या’ हे वाक्य दरवर्षी कुठून तरी फिरतं. ३१ मार्च ही खर्चाची तारीख आहे, अर्जाची नाही. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा साधारण डिसेंबर-जानेवारीत ठरतो आणि पालिकेच्या अर्थसंकल्पाची जुळवाजुळवही त्याच सुमारास चालू असते. मागणीपत्र दिवाळीच्या आसपास आवक-जावकला नोंदवून पोच घेतलेली बरी. मार्चमध्ये दिलेला अर्ज फेटाळला जात नाही. तो फाइलीत बसतो आणि पुढच्या वर्षी ‘नव्याने सादर करा’ म्हणून परत येतो. आचारसंहिता लागली तर नवीन मान्यता थांबतात, तेवढा वेळ हिशेबात धरा.

बाकीचे कागद नेहमीचे: सभेचा किंवा प्रशासक असल्यास प्रशासकाचा ठराव, मोजणीची क-प्रत (हद्दी दाखवणारा सरकारी मोजणी नकाशा), जागेचे जिओटॅग फोटो, हे काम दुसऱ्या योजनेतून झालेलं नसल्याचा दाखला. देखभालीचं हमीपत्र मात्र पालिकेनेच द्यायचं असतं आणि ते राहून जातं.

अंदाजपत्रकात दोन ठिकाणी घोळ होतो. एक म्हणजे ओपन जिम आणि खेळणी. दरसूचीत (सरकारी दरांच्या यादीत) ज्या वस्तूचा दर नाही तिला विक्रेत्यांची दरपत्रकं जोडावी लागतात, नाहीतर तांत्रिक मान्यता अडते. दुसरं पाणी. एक हेक्टरच्या ले-आउटला १० टक्के ओपन स्पेस म्हणजे १,००० चौरस मीटर. त्यातल्या ६०० वर लॉन घेतलं आणि उन्हाळ्यात चौरस मीटरला रोजचं पाच लिटर धरलं, तर दिवसाला ३,००० लिटर झालं. म्हणजे पाच हजारांचा टँकर दोन दिवसही पुरत नाही. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागात लॉनची मागणी अजूनही पहिल्या क्रमांकावर असते! कडुनिंब, करंज, बहावा आणि ठिबक लिहा. बोअर लिहिणार असाल तर मोटारीच्या वीजजोडणीचा खर्च त्याच अंदाजपत्रकात घाला, नाहीतर बोअर झाकण लावून पडून राहतो. आधीची झाडं आड येत असतील तर १९७५ च्या वृक्ष कायद्याची परवानगी लागते. शक्यतो पाथवेच वळवा.

ओपन स्पेसवर आधीच सभागृह किंवा मंदिर उभं असेल तर ते लपवू नका, फोटोत दिसतंच. सध्याच्या विकास नियमावलीत जमिनीवर १० टक्क्यांपर्यंतच, तेही ठरावीक वापराचं, बांधकाम चालतं. आपल्या हजार चौरस मीटरमध्ये ते १०० होतं. नवीन सभागृह आणि बाग एकाच प्रस्तावात मागितले की दोन्ही लटकतात.

काम सुरू झाल्यावर अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्या. त्यात पेव्हर ब्लॉक ६० मिमी जाडीचा असेल तर एका ब्लॉकवर पट्टी धरून बघा, कुंपण किती मीटर लिहिलंय ते टेपने मोजा. फरक दिसला तर तक्रार लेखी द्या, अंतिम देयक निघायच्या आत.